बँजोवर मेलडिक स्केल तुटक का वाजतं

म्हापशाहून एका मुलाने विचारलंय. पाच तारांचा बँजो घेऊन आठ महिने झाले, स्क्रग्ज स्टाईलचे रोल (अर्ल स्क्रग्जच्या रीतीने तीन बोटांनी तारा फिरत्या क्रमाने छेडायचे) बऱ्यापैकी हातात बसलेत, आता दोन महिने मेलडिक स्टाईलचं जी मेजर स्केल रोज अर्धा तास घासतोय, टॅब (तार आणि पडद्याच्या आकड्यांत लिहिलेले सूर) पाठ आहे, मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) ११० पर्यंत जातो, तरी ऐकायला टाईपरायटरसारखं टकटक येतं, तर काका, अजून स्पीड किती वाढवू म्हणजे वाहतं वाटेल?

वाढवू नको. निम्मा कर, आणि मग त्याचा परत निम्मा कर. काका म्हणालास म्हणून सरळ अरे-तुरे करतोय, वाईट वाटून घेऊ नको. मी पण जवळजवळ वर्षभर याच खड्ड्यात होतो, रोज संध्याकाळी फोंड्याच्या घरी गॅलरीत बसून वर-खाली वर-खाली, आणि एकदा फोनवर रेकॉर्ड करून ऐकलं तर पत्र्यावर पाऊस पडतोय असं वाटलं. सूर सगळे बरोबर, गाणं कुठेच नाही.

बाकी वाचणाऱ्यांसाठी एक खुलासा करून टाकतो, कारण आपल्याकडे बँजो म्हटलं की डोळ्यासमोर चवथीच्या मिरवणुकीतला बँजो येतो, तो बटणांचा, खरंतर बुलबुल तरंग, जपानच्या ताईशोगोतोवरून आलेला. मी हा अमेरिकन बँजो घरी आणला तेव्हा शेजारच्यांनी पहिला प्रश्न विचारला तो विसर्जनाला किती घेता हाच. तर हा तो नव्हे. हा गोल, चामड्याच्या (आता प्लास्टिकच्या) तोंडाचा, चार लांब तारा आणि पाचवी आखूड, जिची खुंटी पाचव्या पडद्याजवळ मानेच्या कडेला असते. जुना बाजारात घ्यायला गेलात तर ती कडेची खुंटी आहे का ते आधी बघा, चार तारांचा टेनर बँजो असेल तर खाली जे लिहिलंय त्यातलं काहीच त्यावर तसंच्या तसं बसणार नाही.

आता तुझा मुद्दा. बँजोला आस, म्हणजे छेडल्यावर सुराचं रेंगाळणं, नाही हे सगळ्याचं मूळ. सतारीच्या पोकळ भोपळ्यात सूर रेंगाळतो, इथे तार घोडीवर, घोडी त्या ताणलेल्या तोंडावर, छेडलं की सगळी ताकद एकदम बाहेर फेकली जाते आणि सूर पटकन मरतो. त्यात तू एकाच तारेवर सा मग रे मग ग वाजवलास तर प्रत्येक नवा सूर आधीच्याचा गळा दाबूनच जन्माला येतो. म्हणून टकटक. मेलडिक स्टाईलची सगळी करामत एवढीच आहे की स्केलमधला पुढचा सूर आधीच्या तारेवर वाजवायचाच नाही, दुसऱ्या तारेवर शोधायचा, म्हणजे आधीचा सूर मागे वाजत राहतो आणि दोन्ही एकमेकांवर सांडतात. स्क्रग्जच्या रोलमध्ये चालीचे सूर कॉर्डच्या सुरांमध्ये गुंफलेले असतात, फिडलवरची (व्हायोलिनवरची) चाल सुरासूर तशीच त्यात उतरत नाही, ती उतरवायला ही रीत निघाली. बॉबी थॉम्प्सन आणि बिल कीथ दोघे वेगवेगळे तिथे पोचले, कीथ १९६३ मध्ये अमेरिकन ब्लूग्रास संगीतातल्या बिल मन्रोच्या बँडमध्ये आला आणि मग सगळ्यांच्या कानावर पडली, म्हणून बरेच जण कीथ स्टाईलच म्हणतात.

म्हणजे बघ, स्केल ही या स्टाईलमध्ये सुरांची शिडी नाहीये, आस कशी टिकवायची याचा रियाज आहे. आणि आस उजव्या हातात नसते रे, डाव्या हातात असते. उजवा हात तार छेडून मोकळा होतो, सूर किती वेळ जगणार ते डावं बोट कधी उचललंस त्यावर ठरतं. तू मेट्रोनोमच्या मागे धावताना नक्की काय करत असशील सांगू? सूर वाजला की बोट उचललं, कारण पुढचं बोट टेकवायची घाई. वाजला, उचललं, वाजला, उचललं. वेगवेगळ्या तारांवर वाजवायचा सगळा खटाटोप केलास आणि फायदा शून्य.

तुझ्याकडे जे टॅब असेल ते बहुतेक हेच असणार, तरी एकदा लिहितो. पहिला आकडा तार, दुसरा पडदा, शून्य म्हणजे मोकळी तार. सा ३-०, रे ४-७, ग २-०, म ३-५, प १-०, ध २-५, नी १-४, वरचा सा ५-०. ट्यूनिंग नेहमीचं ओपन जी (मोकळ्या तारा छेडल्या की जी कॉर्ड वाजते), सा म्हणजे जी. नुसते आकडे वाचलेस तर डोकं फिरतं, खालच्या जाड तारेच्या सातव्या पडद्यावर चढता रे, मग मोकळी तार, मग पाचवा पडदा, शिडीसारखं काहीच दिसत नाही. म्हणून पहिली गोष्ट, टॅब बंद कर आणि तोंडाने स्वर म्हणत वाजव. आपल्याकडे लहानपणी पेटीच्या क्लासला बसवलेलं असतं नाहीतर देवळात भजनाला, सारेगम रक्तात असतं, ते इथे फुकट कामाला येतं. चर्चच्या शाळेत सोल्फेज शिकलेली माझी ओळखीची पोरं दो रे मी म्हणून वाजवतात, ते पण उत्तम. आकडे म्हणत वाजवणारा मात्र कायम आकडेच वाजवतो.

दुसरी गोष्ट, हे सगळं हात न हलवता होतं, हे बऱ्याच जणांना कोणी सांगतच नाही. चौथा ते सातवा पडदा, चार बोटं, चार पडदे. तर्जनी नीवर (१-४), मधलं बोट म वर (३-५), अनामिका ध वर (२-५), करंगळी रे वर (४-७). मनगट जागचं हलत नाही. हलत असेल तर कुठलंतरी बोट चुकीचं लागतंय.

आता मी शिकवतो तसं सांगतो, हे मी स्वतःच्या सोयीसाठी काढलंय. पूर्ण स्केल आधी वाजवायचंच नाही. म आणि नी काढून टाक. काय राहिलं? सा रे ग प ध सा. भूपाचे स्वर. (राग भूप म्हणत नाही हां, मींड नाही, काही नाही, पंडित लोक येऊन मारतील, फक्त स्वर तेवढे.) आणि गंमत बघ, सा मोकळी तार, ग मोकळी, प मोकळी, वरचा सा मोकळी. सहा सुरांत डाव्या हाताला कामं फक्त दोन, करंगळीने रे आणि अनामिकेने ध. बँजोचं ट्यूनिंगच जणू भूपासाठी केलंय.

उजव्या हाताला सा तर्जनी, रे अंगठा, ग तर्जनी, प मधलं बोट, ध तर्जनी, वरचा सा अंगठा, आणि खाली येताना तेच उलटं, वरचा सा एकदाच. कुठलंच बोट लागोपाठ दोनदा येत नाही, बघ वाजवून.

आता कान दे. करंगळी एकदा रे वर ठेवलीस की ती उचलायचीच नाही, वर जाऊन खाली येईपर्यंत तिथेच. चौथ्या तारेवर दुसरं कामच नाहीये ना. म्हणजे रे आपोआप मरेपर्यंत वाजत राहणार, त्यावर ग येणार, त्यावर प. पहिल्यांदा नीट जमलं की तुला स्वतःलाच कळेल, एकदम तानपुऱ्यासारखं काहीतरी भोवती पसरतं आणि बँजोच आहे का हा असं होतं. ध मात्र वेगळा आहे, तो ग च्याच तारेवर आहे, म्हणजे अनामिका टेकली की ग बंद. ती कधी टेकवायची हे तुझ्या हातात. घाईने आधी टेकवलीस तर ग अर्धवट कापला जातो, प सुरू झाल्यावर टेकव, शक्य तितक्या उशिरा.

आणि उतरताना अजून एक खोड आहे, ती मला माझ्या रेकॉर्डिंगमध्ये ऐकू आली, वाजवताना कधीच कळली नव्हती. ध वरून प, प वरून ग. ग वाजवायच्या आधी अनामिका उचलायला हवी, आणि आपण ती जराशी खाली ओढत उचलतो, गिटारवाल्यांची सवय, पुल-ऑफ होतो आणि ग आपला आपण हलकासा वाजतो, मग तर्जनी तोच ग परत वाजवते. एक फसकन आवाज आणि मागोमाग खरा सूर. स्पीडमध्ये हे नुसतं गढूळ ऐकू येतं, कारण समजत नाही. बोट सरळ वर उचल, विहिरीतून कळशी काढतात तसं, तारेला घसटू न देता. फक्त प-ध-प-ग एवढंच घेऊन मी एक अख्खा आठवडा बसलो होतो, घरातल्यांनी दार लावून घेतलं, पण गेलं ते.

भूप आठ दिवस, अगदी ठाय लयीत. मेट्रोनोम ५० ला आणि एका टिकेला दोन सूर, बस. मेट्रोनोम नसेल तर तोंडाने त्रितालाचा ठेका म्हण, किंवा पायाने ठोका दे. लयीसाठी प्रसिद्ध असलेल्या खाप्रुमामा पर्वतकरांच्या गोव्यात राहून लय यंत्राकडून उसनी घ्यायची म्हणजे जरा कमीपणाच आहे, पण ठीक आहे, मी पण घेतो.

मग म आणि नी आत आण, आणि इथे मी त्रिताल धरतो कारण सोळा सूर अगदी चपखल बसतात. वर जाताना वरच्या सा वर न थांबता एक पायरी पुढे तार रे ला जा, तो १-७ वर आहे, करंगळीनेच, हात तिथेच. म्हणजे सा रे ग म, प ध नी सा, रे सा नी ध, प म ग रे, आणि परत सा वर सम. नववी मात्रा खाली, ती बरोबर तार रे वर पडते. उजवा हात तर्जनी अंगठा तर्जनी अंगठा, मधलं तर्जनी मधलं अंगठा, मधलं अंगठा मधलं तर्जनी, मधलं अंगठा तर्जनी अंगठा. तार रे ला करंगळी पहिल्या तारेवर येते तेव्हा तर्जनी चौथ्या पडद्यावरून काढू नको, दाबलेलीच ठेव, मग परत येताना करंगळी उचलली की नी तिथे तयार असतो.

या पूर्ण स्केलमध्ये दोन जागा बोचतात. एक ग आणि म, दुसरी नी आणि सा. अर्ध्या अर्ध्या सुराचं अंतर, आणि आता तू आस टिकवायला शिकलास म्हणजे दोन्ही एकदम वाजणार. थोडं बोचणं हीच या स्टाईलची चव आहे, त्या झुळझुळीसाठीच लोक मेलडिक वाजवतात, पण थांबायच्या जागी ते घाण वाटतं. म्हणून वर जाऊन सा वर थांबायचं असेल तर सा छेडला त्याच क्षणी तर्जनी सैल सोड, पूर्ण उचलू नको, नुसती तारेला टेकलेली राहू दे, नी गप्प होतो. ग मोकळ्या तारेवर, तो दाबून धरलेला नाही तर सोडणार काय, तर तिथे म वाजवताना अनामिका दुसऱ्या तारेवर अलगद टेकव, दाबू नको, ग थांबतो, आणि बोट ध साठी आधीच जागेवर पोचलेलं असतं. एका दगडात दोन.

यापुढे पलटे, म्हणजे तेच सूर ठराविक क्रमाने फिरवून वाजवायचे. सारेग रेगम गमप हा सगळ्यात सोपा, तो याच जागांवर कुठेही एक तार लागोपाठ न येता वाजतो, करून बघ. सा ग, रे म, ग प वाला मात्र मध्येच फसतो. प आणि नी लागोपाठ आले की दोन्ही पहिल्या तारेवर, म्हणजे परत गळा दाबला. तिथे प चं दुसरं घर वापरायचं, ३-७, करंगळीने. म्हणजे म ३-५, ध २-५, प ३-७, नी १-४, ध २-५, सा ५-०. त्याआधी रे म ग प अशी जागा येते तिथे म तर्जनीने घेतलास की ग ला अंगठा आत दुसऱ्या तारेवर न्यावा लागतो, सुरुवातीला अंगठा अडखळतो, रोल वाजवलेत म्हणजे सवय आहे तुला. हा एक पलटा नीट बसला की मेलडिक स्टाईल समजली असं मी धरतो, कारण इथे पहिल्यांदा कळतं की एका सुराला दोन-तीन घरं असतात आणि कुठलं घर घ्यायचं ते मागचा आणि पुढचा सूर बघून ठरवायचं. टॅब पाठ करणाऱ्याला हे कधीच कळत नाही.

वाद्याकडे पण बघ जरा. या स्टाईलमध्ये मोकळी तार आणि सातवा पडदा शेजारी शेजारी येतात, म्हणून घोडी जराशी सरकलेली असली तरी बेसूर लगेच उघडं पडतं, जे रोलमध्ये खपून जातं. बँजोची घोडी चिकटवलेली नसते, नुसती तारांच्या दाबावर उभी असते, तार बदलताना कधी सरकते कळत पण नाही. ४-७ चा रे आणि ३-२ चा रे एकच सूर आहे, दोन्ही वाजवून बघ. बाराव्या पडद्यावरचा हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर जुळतो का ते पण बघ, दाबलेला चढा असेल तर घोडी केसभर मागे, तारा जिथे अडकवतात त्या टेलपीसकडे. आणि दुसरी तार, आपला ग. बरेच बँजोवाले कॉर्ड गोड लागावी म्हणून ती जरा उतरती लावतात, आणि तानपुऱ्याचा गंधार कानात असलेल्या माणसाचा हात आपोआपच तिकडे जातो, कारण पेटीचा गंधार शुद्ध गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढा असतो. पण पडदे पेटीच्याच हिशोबाने ठोकलेत. फार उतरवलीस तर त्याच तारेवरचा ध पण उतरणार. मी जेमतेम उतरवतो, कोणाला कळणार नाही इतकी.

पावसाळ्यात आपल्याकडे तारा महिनाभर पण धड राहत नाहीत, वाजवून झालं की सुक्या फडक्याने खालून-वरून पुस. गंजलेल्या तारेवर बोट सरळ उचललं तरी खरखर येते आणि तू उगाच स्वतःला दोष देत बसशील. तोंड खऱ्या चामड्याचं असेल तर जुलैमध्ये ते आपल्या घुमट वाद्याच्या चामड्यासारखंच सैल पडणार, घोडी खाली बसणार, तारा पडद्यांना लागून झणझणणार. प्लास्टिकचं असेल तर ही कटकट बरीच कमी.

आणि ४-७ चा रे कितीही नीट वाजवलास तरी बाकीच्यांपेक्षा दबका येणार, ती गुंडाळलेली जाड तार आहे आणि सातव्या पडद्यावर अजून गुबगुबीत होते. शेजारचा मोकळा ग लख्ख. हा फरक पूर्ण जात नाही, अंगठ्याने जरा जोर लावून कमी होतो. पाचवी तार उलट, ती सतारीच्या चिकारीच्या तारेसारखी टोचते, तिला अंगठा हळू. तुझ्या टाईपरायटरमधली निम्मी टकटक कदाचित याचीच असेल, प्रत्येक सूर वेगळ्या माणसाने वाजवल्यासारखा.

स्पीडचं म्हणशील तर ५० वरून ५६, तिथून ६०, असं. ज्या आकड्यावर आस तुटली त्याच्या एक पायरी खाली दोन दिवस. पहिल्या आठ दिवसांनंतर अर्ध्या तासातली दहा मिनिटं भूप, दहा मिनिटं तो सोळा मात्रांचा फेरा, आणि उरलेली दहा एखाद्या खऱ्या चालीला दे, नुसतं स्केल करून माणूस सुकतो. म्हापशात व्हायोलिन वाजवणारं कोणीतरी सापडेलच, आपल्याकडे काही कमी नाही त्यांची, त्याला एखादी जिग नाहीतर हॉर्नपाईप हळू वाजवायला सांग आणि त्याच्या चार सुरांच्या मागे मागे जा, टॅब न बघता. बो असलेल्याची आस कशी अखंड असते ते शेजारी बसून ऐकलंस की आपल्याला काय नक्कल करायची आहे ते लक्षात येतं.

आठ दिवस फक्त भूप कर आणि फोन हातभर लांब ठेवून रेकॉर्ड करून मला पाठव, पूर्ण स्केल पाठवू नको. रे वाजल्यावर प येईपर्यंत मागे रे ऐकू येतोय का, मी एवढंच ऐकणार आहे.